शोभेची मिरची आणि सावलीची मात्रा : कुंभवली-बोईसर परिसरातील संरक्षित लागवडीच्या संदर्भात

प्रास्ताविक

पालघर तालुक्यातील कुंभवली हे गाव तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून वसलेले आहे. वसाहतीच्या विस्ताराबरोबर या परिसरातील भातशेती आक्रसत गेली आणि अनेक कुटुंबांकडे घरामागची दोन-चार गुंठे जागा तेवढी उरली. एवढ्याशा जागेत भात परवडत नाही, भाजीपाला जेमतेम घरापुरता होतो. त्यामुळे कुंडीतील झाडांची रोपवाटिका हा पर्याय लोकांना जवळचा वाटू लागला आहे. बोईसर, पालघर, विरार या वाढत्या शहरांतील सदनिकांना कुंड्या हव्या असतात आणि पश्चिम रेल्वेमार्ग व महामार्ग या दोहोंमुळे मुंबईची बाजारपेठ हाताशी आहे. अशा रोपवाटिकांमध्ये गेल्या काही वर्षांत नव्याने दिसू लागलेले झाड म्हणजे शोभेची मिरची होय. एकाच झुडपावर पांढरट, जांभळ्या, पिवळ्या, नारिंगी व लाल रंगाच्या, आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या लहान मिरच्या हे तिचे आकर्षण.

प्रस्तुत लेखात या पिकाच्या एकाच अंगाचे, म्हणजे सावलीचे, विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. हे अंग निवडण्याचे कारण असे की, आपल्याकडे 'संरक्षित शेती' म्हटले की शेडनेट डोळ्यासमोर येते आणि शेडनेट उभारले की त्याखाली सर्व झाडे सुखात राहतात असा समज रूढ आहे. फर्न, डिफेनबॅकिया, मनीप्लांट यांच्या बाबतीत हा समज खरा ठरतो. मिरचीच्या बाबतीत मात्र तो अंगलट येतो. झाडे उंच, लुसलुशीत व हिरवीगार होतात, पण ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे देते तो रंग येत नाही. दिवाळीच्या बाजारासाठी वाढवलेल्या सहाशे कुंड्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी रंगल्या तर त्या कुटुंबाचा पूर्ण हंगाम वाया जातो. सावलीचा प्रश्न या अर्थाने केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

पिकाची ओळख

मिरची ही मूळची मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील प्रदेशातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. गोवा हे तिचे प्रवेशद्वार मानले जाते. परंतु ज्या किनारपट्टीविषयी आपण बोलत आहोत तेथे वसई, तारापूर, डहाणू ही ठाणीही दीर्घकाळ पोर्तुगीजांकडे होती आणि 1739 मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आज वाणगाव-डहाणू पट्ट्यात भातकापणीनंतर हिरवी मिरची व ढोबळी मिरची ही महत्त्वाची नगदी पिके आहेत. शोभेच्या मिरचीचा या पट्ट्याशी असलेला संबंध पुढे स्वतंत्रपणे पाहावयाचा आहे.

मिरची शोभेसाठी वाढवण्याची कल्पना मात्र नवी नाही. जर्मन वनस्पतितज्ज्ञ लिओनहार्ट फुक्स यांच्या 1542 मधील ग्रंथात मिरचीची चित्रे आहेत. त्यांनी तिला 'कालिकतची मिरी' म्हटले, कारण ती भारतातून आली असा त्यांचा समज होता, आणि जर्मनीत ती मातीच्या कुंड्यांत सर्वत्र लावली जाते अशी नोंदही केली. युरोपच्या उत्तरेकडील भागात मिरची स्वयंपाकघरात स्थिरावण्यापूर्वी खिडकीत पोहोचली होती, असे यावरून म्हणता येते.

वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या शोभेच्या बहुतेक जाती आपल्या नेहमीच्या मिरचीच्याच प्रजातीतील, म्हणजे कॅप्सिकम ॲन्युअममधील आहेत. आपली लवंगी मिरची ज्यांनी पाहिली आहे त्यांना आभाळाकडे वळलेल्या लहान फळांची ठेवण अपरिचित नाही. बुटके खोड, दाट फांद्या, पानांच्या वर येणारी फळे व पिकताना बदलत जाणारा रंग या गुणांसाठी निवड करून शोभेच्या जाती तयार झाल्या. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात पॉल बॉसलँड यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेली 'नुमेक्स ट्वायलाइट', तसेच अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी निर्माण केलेली व 2006 मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळवणारी काळ्या पानांची 'ब्लॅक पर्ल' या दोन जाती अभ्यासकांना विशेष परिचित आहेत. आपल्या रोपवाटिकांत मात्र बी बहुधा जातीच्या नावाशिवाय, 'रंगीत मिरची' एवढ्याच ओळखीवर येते.

रंगाची घडण आणि प्रकाश

सावलीचा विचार करण्यापूर्वी रंग कसा तयार होतो हे पाहणे आवश्यक आहे. मिरचीच्या फळात तीन प्रकारची रंगद्रव्ये असतात. हरितद्रव्यामुळे हिरवा रंग येतो. अँथोसायनिनमुळे जांभळा, आणि हरितद्रव्याबरोबर ते मिसळले की जवळजवळ काळा रंग दिसतो. कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांमुळे पिवळा, नारिंगी व अखेरीस लाल रंग येतो. लाल रंगास प्रामुख्याने कॅप्सँथिन कारणीभूत असते. फळ पक्व होत असताना हरितद्रव्य व अँथोसायनिन ओसरत जातात आणि कॅरोटिनॉइड वाढत जातात. झाडावरील फळे एकाच दिवशी धरलेली नसल्यामुळे प्रत्येक फळ या वाटचालीतील निरनिराळ्या टप्प्यावर असते. एका झुडपावर पाच रंग दिसतात ते यामुळे.

या तीन द्रव्यांचे प्रकाशाशी असलेले नाते सारखे नाही. अँथोसायनिनची निर्मिती प्रकाशावर फार अवलंबून असते. काळ्या पानांची जात भर उन्हात ठेवली तर पाने काळीभोर होतात, सावलीत ठेवली तर तीच पाने हिरवट राहतात. ज्याने 'काळी मिरची' म्हणून महागडे बी घेतले आणि दाट जाळीखाली लावले, त्याच्या हाती साधी हिरवी झाडे येतात आणि बियाणे विक्रेत्याने फसवले असे त्याला वाटते. (विक्रेते कधीकधी फसवतातही, पण प्रत्येक वेळी नव्हे.) कॅरोटिनॉइडची गोष्ट थोडी वेगळी आहे. फळ लाल होण्यासाठी त्यावर थेट ऊन पडलेच पाहिजे असे नाही. परंतु फळे किती धरतील आणि ती किती लवकर भरतील हे पानांनी तयार केलेल्या अन्नावर, म्हणजे पुन्हा प्रकाशावरच ठरते. सावलीत फुले उशिरा येतात, कमी येतात आणि आलेली गळतात. पाचही रंग एका वेळी दिसण्यासाठी झाडावर पुरेशी फळे असावी लागतात. दोन-चारच फळे असतील तर रंगांचा मेळ जमत नाही.

झाडाच्या ठेवणीवरही सावलीचा परिणाम होतो. प्रकाश कमी पडला की खोडाची पेरे लांबतात, झाड वाकते, फांद्या विरळ होतात. कुंडीतील झाडाचे मोल त्याच्या बांध्यात असते, त्यामुळे हे नुकसान फळांच्या नुकसानाहून लहान नाही.

मग ऊन संपूर्ण द्यावे, जाळी नकोच, असे म्हणावे काय? तसेही नाही. मिरचीचे एकटे पान दुपारच्या पूर्ण उन्हापैकी साधारण एक-तृतीयांश ते निम्मा प्रकाश वापरू शकते. त्यापलीकडचा प्रकाश अन्ननिर्मिती वाढवत नाही, पान मात्र तापवतो. पालघरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि क्षणभर उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याच सुमारास कुंडीतील माती व मुळे सर्वाधिक तापतात. जमिनीतील झाडाची मुळे खोल व थंड असतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला चारही बाजूंनी झळ लागते. फळांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात, ती उन्हाची करपट होय. या दिवसांत दुपारच्या वेळी हलकी सावली देणे योग्यच आहे. मुद्दा सावली असावी की नसावी हा नाही; ती किती, कोणत्या वेळी आणि किती दिवस असावी हा आहे. औषधाप्रमाणे सावलीचीही मात्रा ठरवावी लागते.

मात्रेचा हिशेब

झाडाला दिवसभरात मिळणारा एकूण उपयुक्त प्रकाश मोजण्यासाठी 'मोल प्रति चौरस मीटर प्रति दिन' हे एकक वापरतात. पावसाच्या मोजणीशी त्याची तुलना करता येईल. एखाद्या क्षणी पाऊस किती जोरात पडतो यापेक्षा दिवसाअखेर पर्जन्यमापकात किती पाणी साचले हे जसे महत्त्वाचे, तसेच हे. फळ धरणाऱ्या कुंडीतील मिरचीला दिवसाकाठी सुमारे 20 मोल किंवा त्याहून अधिक प्रकाश मिळावा असा सर्वसाधारण संकेत आहे. 12 च्या खाली गेल्यास झाड जगते, पण फुलाफळाला कमी पडते.

उत्तर कोकण किनाऱ्यावरील सौर प्रारणाच्या सरासरीवरून ढोबळ हिशेब मांडला असता मे महिन्यातील निरभ्र दिवशी साधारण 45 ते 50 मोल प्रकाश मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी 25 ते 30 पर्यंत खाली येते आणि संततधार लागलेल्या दिवशी ती 10 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. आता या आकड्यांवर 50 टक्के सावलीची जाळी ठेवून पाहू. मे महिन्यात जाळीखाली 22 ते 25 मोल उरतात, म्हणजे झाडाची गरज भागते आणि तापही कमी होतो. जुलैमध्ये तीच जाळी 12 ते 15 मोल उरू देते. त्यातच पावसापासून बचावासाठी वर प्लॅस्टिकचे आच्छादन असेल तर आणखी 15-20 टक्के प्रकाश अडतो आणि झाड किमान मर्यादेवर येऊन ठेपते. संततधारेच्या आठवड्यात तर ते अक्षरशः उपाशी राहते.

हा हिशेब नव्या, स्वच्छ जाळीचा झाला. कुंभवलीसारख्या ठिकाणी जाळी फार दिवस स्वच्छ राहत नाही. अवजड वाहनांची धूळ आणि औद्योगिक परिसरातील काजळी तिच्यावर बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूरचे गुण 90 हून अधिक होते आणि देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये त्याची गणना झाली, ही बाब सर्वज्ञात आहे. त्या निर्देशांकाचा जाळीवरील धुळीशी सरळ संबंध जोडता येणार नाही. पण हिवाळ्याच्या अखेरीस जाळीवर हात फिरवला तर बोटे काळी होतात, हे तेथील कोणीही सांगेल. 50 टक्क्यांची म्हणून घेतलेली जाळी वर्षभरात प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक सावली देत असते. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने महिन्यातून एकदा ती धुणे हा अत्यंत स्वस्त उपाय असून तो क्वचितच केला जातो.

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून हे मोजून घेणे अवघड नाही. प्रयोगशाळेतील साधे लक्समीटर घेऊन निरभ्र दिवशी दुपारी बारा वाजता प्रथम उघड्यावर व लगेच जाळीखाली झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर वाचन घ्यावे. भर उन्हात लक्समीटर एक लाखाच्या आसपास आकडा दाखवतो. आपल्याला मूळ आकडा महत्त्वाचा नाही, दोन वाचनांचे गुणोत्तर महत्त्वाचे आहे. विक्रेत्याने सांगितलेली टक्केवारी आणि प्रत्यक्ष सावली यांतील फरक पाहून विद्यार्थी चकित होतात, शेतकरी त्याहून अधिक.

जाळीच्या रंगाविषयीही दोन शब्द लिहिणे जरूर आहे. आपल्याकडे हिरवी जाळी सर्वाधिक खपते, कदाचित हिरवा रंग झाडांना मानवतो अशा भावनेने. वस्तुतः झाडे लाल व निळा प्रकाश अधिक कार्यक्षमतेने वापरतात आणि हिरवी जाळी नेमका तोच अधिक अडवते. काळी जाळी प्रकाशाचे प्रमाण घटवते, त्याची प्रत फारशी बदलत नाही. मात्र ती स्वतः तापते. पांढरी किंवा मोतिया जाळी प्रकाश विखरून देते, त्यामुळे खालच्या पानांपर्यंतही तो पोहोचतो. इस्राएलमधील व्होल्कानी संस्थेत योसेफा शाहक व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत जाळ्यांवर दीर्घकाळ काम केले असून ढोबळ्या मिरचीला काळ्या जाळीपेक्षा मोतिया जाळीखाली अधिक उत्पादन मिळाल्याचे त्यांनी दाखवले आहे. तेथील हवामान कोरडे आहे, आपले दमट. म्हणून ते निष्कर्ष जसेच्या तसे येथे आणता येत नाहीत. हिरव्या जाळीला पर्याय आहे, एवढे तरी त्यातून स्पष्ट होते.

हंगामाची जुळणी

शोभेच्या मिरचीला मागणी केव्हा असते, हा प्रश्न सावलीच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. दिवाळी हा पहिला मोठा बाजार. दुसरा नाताळ, वसई परिसरातील ख्रिस्ती समाज व मुंबईची उपनगरे यांमुळे पालघर जिल्ह्याला तो जवळचा आहे, आणि अमेरिकेत या झाडाला 'ख्रिसमस पेपर' असेच एक नाव आहे. बी पेरल्यापासून रोप कुंडीत जाण्यास सुमारे सहा आठवडे, तेथून फुलावर येण्यास आणखी चार ते पाच आठवडे आणि फूल उमलल्यापासून फळ पूर्ण रंगण्यास साधारण 45 ते 60 दिवस लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील दिवाळीसाठी जूनअखेरीस पेरणी करावी लागते. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर जूनच्या आरंभी. नाताळसाठी ऑगस्टच्या मध्यास पेरलेले चालते.

याचा अर्थ असा की, दोन्ही बाजारांसाठी झाडाचे बालपण, आणि दिवाळीच्या झाडाचे तर तारुण्यही, पावसाळ्यात जाते. पालघर परिसरात जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या दिवसांत झाडाला पावसापासून आडोसा हवा असतो. सावली मुळीच नको असते. शेडनेट पाऊस अडवत नाही. उलट जाळीवर साठून मोठ्या झालेल्या थेंबांनी रोपांच्या कुंडीतील कोकोपीट उसळते, पाने मातकट होतात, रोपे कोलमडतात आणि करप्याचा प्रादुर्भाव वाढतो. म्हणजे जी जाळी उन्हाळ्यात उपकारक ठरली तीच पावसाळ्यात प्रकाश अडवते आणि पाणी आत सोडते.

या ठिकाणी वास्तविक गरज असते ती पारदर्शक प्लॅस्टिकचे छत आणि चारही बाजू मोकळ्या अशा साध्या पर्जन्य-निवाऱ्याची. बांबू वा लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर अतिनील किरणांना टिकणारे 200 मायक्रॉनचे प्लॅस्टिक ताणून बसवले, उतार नीट ठेवला आणि बाजूंनी वारा खेळता ठेवला की काम भागते. त्याखाली आडव्या तारेवर सरकवता येईल अशी 35 टक्क्यांची पांढरी जाळी असावी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत, आणि पाऊस गेल्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, तेही साधारण अकरा ते साडेतीन या वेळात, ती ओढून घ्यावी. एरवी ती गुंडाळलेली राहावी. ऑक्टोबरमधील सावली फळे रंगण्याच्या ऐन काळात येत असल्याने तिच्याबाबत हात आखडता घेतलेला बरा. नव्याने कुंडीत लावलेल्या रोपांपुरतीच ती मर्यादित ठेवता येते.

जाळी काढता येणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा पालघर जिल्ह्यातील बागांची मोठी हानी झाली. वादळी वाऱ्यात ताणून बांधलेली जाळी शिडाप्रमाणे वारा धरते आणि सांगाड्यालाही उपटते.

उन्हाळी विक्रीसाठी हे पीक घ्यावे काय, असा प्रश्न विचारला जातो. येथे शेडनेटकडून असलेली अपेक्षा थोडी तपासून पाहावी लागेल. रात्रीचे तापमान 24 अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर मिरचीची फुले गळू लागतात. किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीही 27 अंशांच्या आसपास तापमान असते आणि जाळी रात्र थंड करत नाही. लहान फळांच्या जाती मोठ्या फळांच्या जातींपेक्षा उष्णता अधिक सहन करतात, तरीही फळधारणा घटतेच. म्हणून उन्हाळ्यात नव्याने फुलावर येणारे झाड धरण्यापेक्षा फेब्रुवारीपर्यंत फळे धरलेले झाड सावलीत जपून विकणे अधिक शहाणपणाचे.

सावलीतील शत्रू

सावलीबरोबर दमटपणा येतो आणि दमटपणाबरोबर पिवळा कोळी. हा कीटक नसून अष्टपाद वर्गातील सूक्ष्म जीव आहे. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यामुळे कोवळी पाने खालच्या बाजूस वळतात. फुलकिड्यांमुळे ती वरच्या बाजूस, होडीसारखी वळतात. या दोन्ही स्थितींना शेतकरी 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' असे एकच नाव देतात आणि विषाणूजन्य पर्णगुच्छालाही तेच. फवारणी चुकते ती येथेच, कारण फुलकिड्यांवरील कीटकनाशक कोळ्यावर चालेलच असे नाही. पान कोणत्या बाजूला वळले आहे हे पाहून मगच दुकानात जावे, इतका साधा नियम बरेच पैसे वाचवतो.

फुलकिड्यांबाबत एक गंभीर बाब नोंदवणे आवश्यक आहे. थ्रिप्स पर्विस्पिनस ही आग्नेय आशियातून आलेली जात भारतात प्रथम 2015 मध्ये बंगळूरू येथे पपईवर नोंदवली गेली आणि 2021-22 च्या हंगामात तिने आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीचे प्रचंड नुकसान केले. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात 2020 मध्ये ती शोभेच्या झाडांच्या रोपवाटिकांत आढळली. शोभेच्या कुंड्या दूरवर जातात, अनेक रोपवाटिकांतून हात बदलतात आणि त्यांच्याबरोबर कीडही प्रवास करते. कुंभवलीहून वाणगावचा मिरची पट्टा काही किलोमीटरवर आहे. परराज्यातून आणलेली शोभेची मिरची येथील रोपवाटिकेत उतरवली जाते तेव्हा केवळ त्या रोपवाटिकेचा प्रश्न नसतो, शेजारच्या तालुक्यातील शेकडो कुटुंबांच्या पिकाचाही असतो. नवीन आणलेल्या कुंड्या किमान दोन आठवडे वेगळ्या ठेवणे, निळे व पिवळे चिकट सापळे टांगणे आणि शक्यतो रोपे बाहेरून न आणता बियांपासून तयार करणे ही किमान दक्षता होय. पालघर येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आणि डहाणू तालुक्यात कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. संशयास्पद पाने तेथे दाखवण्यास फारसा खर्च येत नाही.

याच संदर्भात खाण्याचा प्रश्न उद्भवतो. शोभेची मिरची विषारी नाही, खाता येते, आणि पुष्कळ जाती चांगल्याच तिखट असतात. परंतु शोभेसाठी वाढवलेल्या झाडांवर उंची रोखणारी संजीवके व खाद्यपिकांस मान्यता नसलेली कीटकनाशके फवारली गेलेली असू शकतात. मराठी घरात मिरचीचे झाड आले की ती तोडून फोडणीत पडणार, हे गृहीत धरूनच उत्पादकाने फवारणीचे वेळापत्रक आखले पाहिजे किंवा कुंडीवर स्पष्ट सूचना लावली पाहिजे. सोलॅनम स्यूडोकॅप्सिकम हे नारिंगी गोल फळांचे, मिरचीसारखेच दिसणारे झाड मात्र विषारी आहे. काही ठिकाणी ते शोभेची मिरची म्हणूनच विकले जाते.

कुंडीचा प्रवास

सावलीचा सर्वात तीव्र झटका झाडाला बसतो तो विक्रीच्या वेळी. टेम्पोच्या बंद हौद्यात, नंतर दुकानाच्या कोपऱ्यात आणि अखेरीस दिवाणखान्यात प्रकाश अचानक दशांशावर येतो. अशा वेळी मिरचीची पाने गळतात. त्यामागे इथिलिन या वायूरूप संप्रेरकाचा मोठा भाग आहे. झाड स्वतः ताणाखाली ते निर्माण करते. वाहनांच्या धुरात ते असते. आणि पिकणारी फळे ते मोठ्या प्रमाणात सोडतात. शोभेच्या मिरचीच्या जातींमध्ये इथिलिनला बळी पडण्याचे प्रमाण कमी-अधिक असते, हे ब्राझील व अन्यत्र झालेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

प्रस्तुत लेखकास हा धडा पुस्तकाबाहेर मिळाला. महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी वीसेक कुंड्या संध्याकाळी टेम्पोत चढवल्या. टेम्पो रिकामा जाऊ नये म्हणून चालकाने वाटेत चिकूच्या पेट्या घेतल्या आणि वर ताडपत्री ओढून रात्रभर गाडी तशीच उभी ठेवली. सकाळी ताडपत्री काढली तेव्हा फळे झाडांवर होती, पाने मात्र निम्म्याहून अधिक खाली पडली होती. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे; परंतु पिकू लागलेला चिकू आणि मिरचीची कुंडी यांनी एका ताडपत्रीखाली रात्र काढणे कुंडीला सोसत नाही. केळी व आंबा यांचेही तेच.

विक्रीपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत झाडाला टप्प्याटप्प्याने कमी प्रकाशाची सवय लावणे, खत थांबवणे आणि पाणी थोडे हात राखून देणे हा यावरील उपाय सांगितला जातो. म्हणजे ज्या सावलीला आपण आतापर्यंत झाडापासून दूर ठेवले, तिचा खरा उपयोग फळे रंगल्यानंतर, अगदी अखेरच्या आठवड्यात आहे. 50 टक्क्यांची जुनी हिरवी जाळी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती फेकून देऊ नये. विक्रीसाठी तयार कुंड्यांचा एक लहान कोपरा तिच्याखाली करावा.

आधी जाळी, मग पीक

आपल्या भागात सावलीची शेती परकी नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांत नारळी-पोफळीच्या छायेत पानवेल पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली. पानवेलीला सावली जन्मतः हवी असते, आणि वाडीतील माणसाला कोणत्या झाडाला किती सावली द्यावयाची हे शिकवावे लागत नव्हते. फांदी छाटून तो ती कमी-जास्त करत असे. शेडनेट आल्यावर ही जाण मागे पडली, कारण जाळी छाटता येत नाही आणि ती एका टक्केवारीतच विकत मिळते.

यात अनुदानाच्या रचनेचाही वाटा आहे असे वाटते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 मधील मार्गदर्शक सूचनांनुसार शेडनेटगृहाच्या मान्य खर्चावर 50 टक्के साहाय्य मिळत असे व त्यासाठी प्रति लाभार्थी 4000 चौरस मीटरची मर्यादा होती. योजनेचा हेतू चांगला आहे आणि तिचा लाभ अनेकांनी घेतला आहे. परंतु व्यवहारात असे घडते की, प्रथम सांगाडा उभा राहतो आणि नंतर त्याखाली काय लावावे याचा शोध सुरू होतो. दोन गुंठ्यांच्या मालकाला तर एवढ्या सांगाड्याची गरजही नसते. त्याच्यासाठी पर्जन्य-निवारा, सरकती जाळी आणि कुंड्या ठेवण्याचे बाक एवढेच पुरेसे आहे. एका गुंठ्यात, म्हणजे सुमारे 101 चौरस मीटरमध्ये, येण्याजाण्याच्या वाटा सोडून एक-एक फूट अंतरावर सहाशेच्या आसपास कुंड्या बसतात. दाट ठेवल्या तर हजारही बसतील. पण मग त्या एकमेकींवरच सावली धरतात आणि पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल कमी व अतिलाल अधिक उरल्याने उंच जाण्याची शर्यत लागते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहिली फुले दिसताच, कुंड्या एकदा विरळ कराव्या लागतात. बहुतेकांचे चुकते ते याच आठवड्यात, कारण तेव्हा गणपती असतात किंवा नुकतेच गेलेले असतात आणि घरात हाताला माणूस नसतो.